तोंड शेवटी

रागीट माणसाने जलरंगाच्या वाटेला जाऊ नये, असं सर मला पहिल्याच रविवारी म्हणाले. मी रागीट आहे हे त्यांना इतक्या लवकर कसं कळलं कोण जाणे. ब्रश धुताना पाण्याचा डबा माझ्या हातून लवंडला आणि मी त्या डब्यालाच चार शब्द सुनावले, त्यावरून त्यांनी ओळखलं असावं. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर चढवता येतो. जलरंगात चुकलं की चुकलं. त्यात पुन्हा पांढरा रंग वापरायचा नाही. जिथे उजेड हवा तिथे कागद तसाच कोरा ठेवायचा आणि त्याच्या भोवतीने अंधार रंगवत यायचं. 'उजेड काढायचा नसतो, सोडायचा असतो,' असं सर सांगायचे, आणि मी गणिताची मास्तरीण असल्यामुळे ते वहीत लिहून घ्यायची.

सर वाशीमला एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी मी रिठदहून एसटी पकडून त्यांच्याकडे जायची. त्यांच्या समोरच्या खोलीत आम्ही तिघी असायचो: चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या दहावीतल्या दोन मुली आणि छत्तीस वर्षांची मी. बारावीनंतर मला चित्रकलेचीच पदविका करायची होती. पण वडिलांनी डी.एड.चा फॉर्म आणून समोर ठेवला, मी सही केली आणि पुढची कित्येक वर्षं त्या सहीबद्दल मनातल्या मनात भांडत राहिले. वडील गेल्यावर भांडायलाही कुणी उरलं नाही. भाऊ-वहिनी पुण्याला. रिठदच्या घरात आई आणि मी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते सांगायला बसले तर चित्राचं राहून जाईल.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी एक चित्रस्पर्धा जाहीर झाली. एखादं गाजलेलं जुनं चित्र पुन्हा आपल्या हाताने काढायचं, असा एक गट होता. मी त्यात नाव दिलं. सरांनी कपाटातून एक जुनी छापील प्रत काढून दिली. ते चित्र मराठी माणसाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच, कुणाच्या बैठकीत, नाहीतर कॅलेंडरवर. एक तरुण बाई उभी आहे. एका हातात दिवा आहे आणि वाऱ्याने विझू नये म्हणून दुसरा हात ज्योतीच्या आड धरला आहे. बोटांच्या फटींतून तांबडा उजेड येतो आणि चेहरा खालून उजळलाय. बाकी सगळा अंधार.

सर म्हणाले, नुसती छापील प्रत बघून काढू नकोस, छापखान्याचे रंग खोटे असतात. घरातल्या कुणाला तरी तसा दिवा घेऊन उभं कर आणि उजेड खरा बघ. मी म्हटलं, घरी आईच आहे. 'मग चेहराही आईचाच काढ,' सर म्हणाले. 'मोठ्या चित्रकाराची नक्कल करायची ती हात बसावा म्हणून. चेहरा आपल्या माणसाचा असू दे.'

ते मी वहीत लिहून घेतलं नाही.

आईला पोटाचा कर्करोग झाल्याचं दिवाळीच्या आधी कळलं होतं. दर तीन आठवड्यांनी आम्ही अकोल्याला जायचो. दुसऱ्या फेरीनंतर तिचे केस गेले. कंबरेपर्यंत येणारे केस होते तिचे, पन्नाशी उलटल्यावरही काळे. मग भुवया गेल्या. तोंडावर सूज आली. घरात ती डोक्याला सुती फडकं बांधून वावरायची आणि दारात कुणी आलं की त्यावरून पदर घ्यायची. मी तिचं सगळं करत होते, औषधं, पेज, डॉक्टरांचे फोन, रजेचे अर्ज. मी वाईट मुलगी होते असं कुणी म्हणणार नाही. म्हणूनच हे मला स्वतःलाच सांगावं लागतंय.

मी आईला विचारलं, रोज दिवेलागणीला थोडा वेळ दिवा घेऊन उभी राहशील का, मला चित्र काढायचंय. ती इतकी खूश झाली की मला कसंसंच झालं. 'मले काय, उभंच राहाचं हाय,' ती म्हणाली. 'ओट्याशी बी उभीच राह्यतो मी.' तिने ट्रंकेतून ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं, देवघरातला पितळेचा तेलाचा दिवा चिंचेने घासून लखलखीत केला आणि संध्याकाळी वेळेच्या आधीच माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. कुणीतरी आपलं चित्र काढणार याचं तिला फार अप्रूप वाटलं.

ते तिचं चित्र नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. छापील प्रत मी माझ्या चित्राच्या फळीच्या आतल्या बाजूला, तिला दिसणार नाही अशी टाचणीने लावली होती. स्पर्धेच्या नियमात मूळ चित्राशी साम्य असावं असं लिहिलं होतं. साम्य म्हणजे मी चेहरा धरला. शिवाय, आता खोटं कशाला बोलू, बिनभुवयांचा, सुजलेला चेहरा घेऊन मी स्पर्धेत उतरणार नव्हते. आईचं चित्र नंतर काढू, ती बरी झाल्यावर, केस आल्यावर, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवलं की माझं काम झालं, अशी मला सवयच आहे.

खोलीत एकच भिंत रिकामी होती. तिकडे पाठ करून आई उभी राहायची आणि समोर खुर्चीत मी. पहिले काही दिवस उजेड जमेना. मग लक्षात आलं की दिव्याची वात माझ्या बाजूला, तिच्या आडव्या हाताच्या अगदी जवळ राहिली तरच बोटांतून तो तांबडा रंग दिसतो. मी उठून दिवा तिच्या हातात फिरवून दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'असाच धरू?' मी म्हटलं, असाच. त्यानंतर रोज तिने तो तसाच धरला.

आधी भिंतीवरचा अंधार झाला. मग लुगड्याच्या निऱ्या. मग दिवा. मग मी हातावर आले आणि हातावरच अडकले. सलाइनच्या सुयांनी मनगटाजवळ काळेनिळे डाग पडले होते, शिरा वर आल्या होत्या, अंगठ्याशी लहानपणी विळ्याने कापल्याचा वण होता. ज्योतीसमोर बोटांच्या कडा तांबड्या व्हायच्या आणि हाडं कुठे आहेत ते कळायचं. एवढं एकाग्र होऊन मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. आई मधून मधून थरथरायची. मी म्हणायची, हलू नको ना. ती म्हणायची, 'नाही हालत व माय.' तिचे पाय दुखायचे ते मला तिच्या हातातली ज्योत हलली की कळायचं. मग मी चिडायची, आणि चिडल्यावर तिला बसायला सांगायची. पाय दुखतात म्हणून नव्हे, ज्योत हलते म्हणून.

एका संध्याकाळी दिवा ठेवल्यावर ती फळीच्या या बाजूला आली. छापील प्रत मी चटकन काढून वहीत सरकवली. कागदावर अंधार होता, लुगडं होतं, दिवा होता, हात होता आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा कोरा कागद. तिने तो कोरा भाग बराच वेळ पाहिला.

'माहं तोंड कवा काढशीन?'

'तोंड शेवटी काढतेत,' मी म्हटलं. हे खरंच आहे. सरही तसंच शिकवतात.

'मंग केसं काढजो माहे. पयल्यासारखे. आन भिवया बी.'

मी हो म्हटलं. छापील बाईला केस भरपूर होते, भुवयाही छान होत्या. म्हणजे मी खोटं बोलले असंही नाही, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

मग मावशी आली. आईची थोरली बहीण, आसेगावची. घरचं गहू-हरभऱ्याचं काम मुलासुनेवर सोडून ती आईजवळ राहायला आली होती. पहिल्याच संध्याकाळी ती चहाचे कप घेऊन माझ्या खोलीत शिरली आणि दारातच थांबली. कप खाली ठेवून तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे, दिशा ठरवत असल्यासारखं. मग म्हणाली, 'दिव्याची वात दक्षिणेले हाय.'

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दिवा लावताना वात पूर्वेला करतात, नाहीतर उत्तरेला. दक्षिणेला वात फक्त माणूस गेल्यावर करतात, त्याच्या नावाने लावलेल्या दिव्याची. हे लहान मुलींनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी दिशा बघितलीच नव्हती, मी उजेड बघत होते.

मावशी माझ्यावर तुटून पडली. जितं माणूस हातात असा दिवा धरतं का, तेही अशा आजारपणात, तुले शिकून काय फायदा, असं ती बरंच काही बोलली. मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. ज्योत वर जाते, तिला दिशा नसते, असं मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. आई दिवा धरून मध्ये उभी. आमचं दोघींचं होऊ दिलं आणि मग ती मावशीला म्हणाली, 'मले तिनं दिवा फिरवला तवाच समजलं होतं. तिकडूनच उजेड बराबर पडते तिले. राहू दे, चित्र बिघडन.'

मावशी पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी तेव्हा तरी ब्रश खाली ठेवायला हवा होता. दिवा तिच्या हातातून घ्यायला हवा होता. मी म्हटलं, 'आई, हात जरा खाली आला, वर घे.' तिने हात वर घेतला.

माघ महिना लागला आणि तिला उभं राहवेनासं झालं. स्पर्धेला दहाएक दिवस उरले होते. आता ती उभी राहणार नाही म्हटल्यावर मला खरं तर सुटल्यासारखं झालं, कारण चेहऱ्यासाठी मला ती नकोच होती. मी छापील प्रत उघड उघड समोर लावली, पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि चार संध्याकाळींत त्या बाईचा चेहरा उतरवून काढला. नाक सरळ, ओठ भरलेले, कपाळावर केसांची महिरप. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली असायची. भिंतीआडून तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि मी ओठांची कड मऊ करत बसलेली असायची. चेहरा फार चांगला जमला. इतका चांगला चेहरा मी त्याआधी कधी काढला नव्हता, त्यानंतर तर नाहीच.

रविवारी सरांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. हातावर त्यांचं बोट बराच वेळ फिरत होतं, कागदाला न लागता. मग ते म्हणाले, 'हाताचं वय आणि चेहऱ्याचं वय जुळत नाही.' मी म्हटलं, स्पर्धेचा नियम आहे, साम्य हवं. ते म्हणाले, 'आईचा चेहरा काढायचा होतास.' मग दहावीच्या मुलींना म्हणाले, बघा गं, हात असा काढतात. मी एसटीत बसले तेव्हा मला त्यांचा राग आला होता. शेजारी बसलेल्या एका बाईने माझ्या गुंडाळलेल्या कागदावर आपली पिशवी टेकवली, तो सगळा राग मी तिच्यावर काढला.

चित्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी आईने ते पुन्हा मागितलं. रंग वाळायचेत, नंतर दाखवते, अशी मी दोन दिवस टोलवाटोलवी केली होती. जलरंग घटकाभरात वाळतात, पण ते तिला कुठे माहीत होतं. आता काही सबब उरली नव्हती. मावशीने तिला उशांना टेकवून बसवलं. मी चित्र तिच्या पायांशी धरून उभी राहिले. तिने आधी मावशीकडे चष्मा मागितला. मग चित्राकडे पाहिलं. मला वाटलं, ती विचारेल, हे कोण आहे. मी उत्तर तयार ठेवलं होतं, नियम, साम्य, गाजलेलं चित्र, सगळं.

'केसं लय दाट काढले,' ती म्हणाली.

मी चित्र तिच्या आणखी जवळ नेलं.

'मी होय?'

मी म्हटलं, 'हो. तरुणपणची.'

ती हसली. तिच्या हसण्याला आता भुवया नव्हत्या, त्यामुळे ते पूर्ण समजायचं नाही. मग तिने हात पुढे करून चित्रातल्या हाताजवळ आपला हात धरला, वणाशी वण लागेल असा, आणि म्हणाली, 'हात बराबर हाय.' मग चष्मा काढून मावशीकडे दिला आणि पडायचं म्हणाली.

स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव चुकीचं छापलं होतं. मी ते दुरुस्त करून आणायला फोन केले, अर्ज लिहिला, एक अख्खा दिवस त्यात घालवला. तो दिवस मी तिच्याजवळ बसू शकले असते. अजून हे आठवलं की मला स्वतःला दोन थपडा द्याव्याशा वाटतात.

होळीनंतर पाचव्या दिवशी सकाळी आई गेली. भाऊ आणि वहिनी आदल्या दिवशीच आले होते, त्यामुळे त्यांची भेट झाली. आईला नेल्यावर ती झोपायची त्या जागी दिवा लावायचा होता. वहिनी पुण्यात वाढलेली, बिचारी मोबाइलमध्ये दिशा शोधत होती. मी दिवा तिच्या हातातून घेतला आणि बरोबर ठेवला. तिने विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे ना? मी म्हटलं, मला माहीत आहे. मग मात्र मला तिथे उभं राहता येईना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि जेवढं रडता आलं तेवढं रडले.

लोक यायला लागले. बैठकीत ठेवायला आईचा फोटो हवा होता. भावाने मोबाइलमधला, त्याच्या लग्नातला काढला, वाशीमला जाऊन मोठा करून आणला. कुणीतरी म्हणालं, अहो, तुम्ही तर आईचं चित्र काढलं होतं म्हणे, ते ठेवा की. मी म्हटलं, ते स्पर्धेवाल्यांकडे आहे. खरं तर ते परत आलं होतं आणि माझ्या खोलीत, कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊ-वहिनी निघाले आणि मावशीनेही पिशवी भरायला घेतली. मी तिच्यासाठी आईची दोन लुगडी बांधून देत होते. जांभळं तिला देऊ की ठेवू, हे मला ठरवता येत नव्हतं. मावशीने ते माझ्या हातातून घेतलं, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, तुला एक सांगायचं राहिलं. इतके दिवस ते तिच्या पोटात होतं. चित्र पाहिलं त्या संध्याकाळी, मी शाळेच्या कामासाठी बाहेर गेले असताना, आई तिच्याशी बोलली होती.

'मले म्हने, ते मी नोहोय, दुसऱ्या बाईचं तोंड हाय. हात तेवढा माहा हाय म्हने,' मावशी सांगत होती. 'मी म्हटलं, मंग तिले इचार ना, असं काहून केलं. तं म्हने, नको इचारू. पोरीले माहं तोंड पाहावलं नसन. रोज समोर उभी राहून राह्यली मी, तिनं कसं पाहावं, म्हने. तिले काही म्हनू नको.'

मावशी रडत होती. तिला वाटलं, हे ऐकून माझं मन हलकं होईल. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, 'पाहावतच नाही वं आपल्या मानसाचं.' मी मान हलवली. तिला बसस्टँडपर्यंत पोचवलं, गाडीत जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली. खरं काय ते सांगितलं नाही.

आईच्या हिशेबात मी एक हळवी मुलगी होते, जिला आईचं ते रूप बघवलं नाही. तशी असते तर बरं झालं असतं. पाहवलं नाही म्हणायला आधी पाहावं लागतं. चाळीसेक संध्याकाळी ती माझ्यासमोर त्या उजेडात उभी होती. मी तिचा हात पाहिला, निऱ्या पाहिल्या, वात पाहिली, आणि नजर वर गेली की फळीवरच्या छापील बाईकडे वळवली. तिचे डोळे तेव्हा कुठे असायचे, दिव्यावर की माझ्यावर, हेही मला सांगता येत नाही.

आता मी दर रविवारी आईचा चेहरा काढायला बसते. मोबाइलमध्ये तिचे पुष्कळ फोटो आहेत, लग्नातले, शेतातले, अकोल्याच्या दवाखान्यातलेसुद्धा. सगळे दिवसाचे किंवा ट्यूबलाइटमधले. दिव्याच्या उजेडात ती कशी दिसायची ते कोणत्याच फोटोत नाही. ते फक्त मला माहीत असायला हवं होतं. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.